भरलेली खाली, रिकामी वर : खाणीचा रेल्वे लेआउट पहिल्यांदा करताना

दिवाळीत कधी किल्ला केला असेल, तर खाणीच्या लेआउटचं, म्हणजे बोर्डावर मांडलेल्या छोट्या चालत्या रेल्वेच्या देखाव्याचं, अर्धं काम तुमच्या हाताला आधीच येतंय. विटा रचायच्या, वर पोतं अंथरायचं, चिखल थापायचा, हळीव पेरायचे, मावळे उभे करायचे. इथं मावळ्यांच्या जागी इंजिन असतं आणि ते चालावं लागतं, एवढाच फरक. प्रदर्शनात तर सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत चालावं लागतं, आणि कुणीतरी पोराला खांद्यावर घेऊन समोर येऊन उभं राहिलं की नेमकं तेव्हाच बंद पडतं. म्हणून या लेखात डोंगर कसा सुंदर करायचा यापेक्षा गाडी बंद कशी पडणार नाही, यावर मी जास्त बोलणार आहे. डोंगर कोल्हापूरकराला जमतोच. राजारामपुरीतले गणपतीचे तांत्रिक देखावे बघत मोठ्या झालेल्या माणसाला हलणाऱ्या गोष्टींचं वेगळं कौतुक शिकवावं लागत नाही.

खाणच का?

नवीन माणूस पहिल्यांदा मोठं स्टेशन करायला घेतो. तीन फलाट, लांबलचक एक्सप्रेस, पादचारी पूल. मग हिशोबाला बसतो. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात आपल्याकडचा निळा आयसीएफ डबा साधारण साडेचोवीस सेंटिमीटर लांब होतो. असले सोळा-अठरा डबे लावले की गाडी हॉलमधून निघते आणि स्वयंपाकघरात जाऊन थांबते. मालगाडीचंही तेच. बॉक्स-एन वाघीण, म्हणजे मालाचा उघडा डबा, या प्रमाणात सव्वाबारा सेंटिमीटरची. अशा ५८ वाघिणींची पूर्ण रेक म्हणजे इंजिन सोडून सात मीटर. कोल्हापुरातल्या कुठल्या फ्लॅटमध्ये सात मीटर सरळ भिंत आहे, ते मला कळवा.

खाणीची गाडी मात्र मुळातच छोटी असते. चारचाकी इंजिन आणि मागं पाच-सहा टब, म्हणजे माल भरायचे छोटे उघडे डबे. ती हळू चालते, आवळ वळणं घेते आणि सगळी मळलेली असते. मळलेपणाचा फायदा नवशिक्याला फार, कारण रंगकामातल्या चुका धुळीखाली जातात. शिवाय या गाडीला जायला कारण असतं. भरलेली खाली जाते, रिकामी वर येते. लेआउटमध्ये नुसतीच गोल गोल फिरणारी गाडी माणूस दोन मिनिटं बघतो आणि पुढं जातो. गाडी काहीतरी घेऊन चालली आहे हे कळलं, की तीच परत कधी येते याची तो वाट बघत थांबतो.

आधी डोंगर बघून या

आपल्या जिल्ह्यात खाण म्हटलं की बॉक्साइट. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांत सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, जांभ्याची टोपी असते आणि तिच्या पोटात बॉक्साइट सापडतं. राधानगरी तालुक्यातलं दुर्गमानवाडी हे त्यातलं ओळखीचं नाव. हा माल ट्रकनं बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे जातो. डोंगरात रेल्वे नाही. आगगाडी १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आली ती इथंच थांबली. शाहू महाराज टर्मिनसच्या पुढं आजही रूळ नाहीत, आणि वैभववाडीची लाईन आपण सगळे वर्षानुवर्षं ऐकतोय.

तेव्हा आपला लेआउट काल्पनिक आहे हे सुरुवातीलाच कबूल करा. माझी गोष्ट अशी आहे: वैभववाडीची लाईन झाली आहे, तिच्या एका छोट्या स्टेशनापर्यंत सड्यावरून एक अरुंद मापाची खाजगी लाईन उतरते आणि ती खाणीचा माल आणून टाकते. प्रेक्षकाला एवढी गोष्ट दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे. गोष्ट पक्की झाली की काय बनवायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरतं. माझ्या लेआउटवर देऊळ नाही, बाजार नाही, लग्नाची वरात नाही. पहिल्या लेआउटवर मी ते सगळं बसवलं होतं. त्याची मिसळ झाली होती आणि वर शेव पण जास्त.

बघायला जाताना खाणीत घुसू नका. परवानगीशिवाय आत जाणं बेकायदेशीर आहे, आणि सुरुंग लावायची जागा असते ती. रस्त्यावरून जे दिसतं ते पुरेसं असतं. पन्हाळ्याकडच्या मसाई पठारावर गेलात तरी जांभा हवा तेवढा बघायला मिळतो. फोटोत तीन गोष्टी टिपा. जांभ्याचा रंग वरून काळपट आणि ताज्या कापलेल्या ठिकाणी तांबडा-नारिंगी असतो. खाण पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सहा मीटरची एक पायरी धरली तर १:८७ मध्ये ती सात सेंटिमीटर होते. आणि धूळ. रस्त्याकडेच्या झुडपांची पानं मार्च-एप्रिलमध्ये हिरवी नसतातच, ती विटकरी असतात. नवीन माणूस झाडं पोपटी करतो आणि खाण तिथंच खोटी पडते.

महिना एकच ठरवा. ऑगस्टमधला सडा आणि एप्रिलमधला सडा या दोन वेगळ्या जागा आहेत. मी एप्रिल घेतो. पावसाळ्यात खाण चालवली की पाणी, चिखल, ओल हे सगळं दाखवावं लागतं, ते पहिल्या खेपेला नको.

माप

एचओचे नेहमीचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. आपल्याला तेवढे रुंद नकोत. बार्शी लाईट रेल्वे ज्यांना आठवते, म्हणजे मिरज-पंढरपूरच्या छोट्या गाडीत बसलेली पिढी, त्यांना ७६२ मिलिमीटरची लाईन माहीत आहे. ७६२ ला ८७ नं भागा. पावणेनऊ येतात. एन गेज या एचओपेक्षा छोट्या मॉडेलचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. म्हणजे एन गेजच्या चासीवर १:८७ ची बॉडी बसवली की अरुंद मापाची गाडी तयार. या प्रकाराला एचओई म्हणतात. कॅटो कंपनीची चारचाकी पॉवर चासी, म्हणजे मोटार असलेला खालचा सांगाडा, त्यासाठी बरेच लोक वापरतात. वरची बॉडी पुठ्ठ्याची केली तरी चालते, किंवा थ्रीडी प्रिंट करून घेता येते.

माणसांचं माप डोळ्यांत बसवून घ्या. साडेपाच फुटी माणूस १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर उंच असतो. गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतरही बरोबर साडेपाच फूटच, १६७६ मिलिमीटर. असा एक माणूस आधी रंगवा आणि खिशात ठेवा. दरवाजा, जिना, टब, झाड, काहीही बनवलं की तो शेजारी उभा करून बघा. मोजपट्टीपेक्षा तो माणूस चुका लवकर दाखवतो.

दोन गाड्यांची युक्ती

टबमधला माल प्रदर्शनात सारखा भरायचा आणि उपसायचा हे स्वप्न सगळे बघतात. मीही बघितलं. दुसऱ्या तासाला खडे रुळांवर सांडले आणि उरलेला दिवस चिमट्यानं वेचण्यात गेला. त्यापेक्षा दोन गाड्या करा. एक कायमची भरलेली, एक कायमची रिकामी.

लांबट गोल लाईन टाका. मध्ये आडवा पडदा उभा करा. पुढं खाण, मागं लपवलेलं यार्ड आणि तिथं तुम्ही. यार्डात शेजारी शेजारी दोन लाईन, दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा. पुढच्या बाजूला उजव्या टोकाला क्रशरची, म्हणजे दगड फोडायच्या यंत्राची, शेड, डाव्या टोकाला रस्त्याचा पूल. रूळ शेडमधून आणि पुलाखालून पडद्यामागं जातात, म्हणून भोक दिसत नाही.

आता खेळ बघा. भरलेली गाडी शेडमधून बाहेर येते, डावीकडं जाते, पुलाखालून नाहीशी होते आणि मागं आपल्या लाईनवर थांबते. थोड्या वेळानं पुलाखालून रिकामी येते, उजवीकडं जाते आणि शेडमध्ये शिरते. मिनिटभरानं त्याच शेडमधून भरलेली बाहेर! समोरच्याला वाटतं, आत माल भरला. एक गाडी कायम उजवीकडून डावीकडं, दुसरी कायम डावीकडून उजवीकडं. इंजिन फिरवायला नको, डबे सोडवायला नकोत, हात घालायला नको. मध्ये ते जे मिनिटभर थांबायचं असतं ते मात्र थांबा. घाई केलीत तर हुशार पोरगं लगेच ओरडतं, "ओ काका, ही वेगळी गाडी आहे!"

पुढच्या बाजूला एखादी आखूड साईडिंग, म्हणजे बाजूला फुटून तिथंच संपणारी लाईन, द्या, तिच्यावर एक मोडका टब उभा राहू दे. यापेक्षा जास्त सांधे पहिल्या लेआउटला नकोत.

बोर्ड

चार बाय दोन फुटांचे दोन बोर्ड घ्या. जोडले की आठ बाय दोन. ९ मिलिमीटर प्लाय आणि खाली एक बाय दोनच्या पट्टीची चौकट. २३ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण दोन फुटांत आरामात बसतं आणि कडेला तीन-तीन इंच उरतात. त्या तीन इंचांत मीटरभर उंचीवरून पडणारी गाडी वाचते, म्हणून कडेला छोटा कठडा ठेवाच.

दोन बोर्ड दर वेळी जिथल्या तिथं जुळले पाहिजेत, ही प्रदर्शनातल्या लेआउटची खरी गोम आहे. नुसते बोल्ट लावून भागत नाही, कारण बोल्टच्या भोकात मिलिमीटरभर ढील असतेच आणि ९ मिलिमीटरच्या रुळाला अर्धा मिलिमीटरही जास्त होतो. माझा पहिला लेआउट छोट्या हत्तीतून उतरवला तेव्हा जोडावरचे रूळ एकमेकांकडं तिरके बघत होते. सकाळचे दोन तास पेपर घासण्यात गेले. नंतर उद्यमनगरात एका टर्नरकडं गेलो. त्यानं पितळेच्या दोन खुंट्या आणि त्यांना घट्ट बसणाऱ्या दोन बुश, म्हणजे पोकळ नळ्या, लेथवर फिरवून दिल्या. टोकाला जरा निमुळत्या, म्हणजे सहज आत शिरतात आणि मग हलत नाहीत. एका चौकटीत खुंट्या, दुसरीत बुश. खुंट्या जागा पकडतात, बोल्ट फक्त आवळून धरतात. ज्या गावात असले टर्नर गल्लोगल्ली आहेत तिथल्या माणसानं बाहेरून जोड मागवायची काय गरज?

जोडावर आणखी एक काम करा. दोन्ही कडांना पितळी स्क्रू लाकडात पिळा, रूळ त्यांच्या डोक्यांवर सोल्डर करा, आणि मग बारीक करवतीनं रूळ जोडावर कापा. आधी कापून मग चिकटवू नका.

प्लायला खालून-वरून, कडांनासुद्धा, सीलर किंवा व्हार्निश मारा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा प्लाय फुगवते, आणि तो मधोमध फुगतो. म्हणून बोर्ड आणि रुळांचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात घरात बसून टब, शेड, माणसं करा.

रूळ : सपाट लाईन, उतरती जमीन

डोंगर म्हटला की चढ घालायचा मोह होतो. घालू नका. दोन टक्के चढावर एक सेंटिमीटर उंची मिळवायला अर्धा मीटर लांबी लागते, आणि चारचाकी इंजिन तेवढ्यानंही घसरतं. रूळ पाणसळीत सपाट ठेवा आणि जमीन वरखाली करा. पुढच्या बाजूला प्लाय कापून रुळाखालून ओढा काढला, मागं खाणीच्या पायऱ्या चढवल्या, की बघणाऱ्याला गाडी डोंगरकड्यावरून जातेय असंच वाटतं.

फ्लेक्सिबल ट्रॅक साधारण ९१ सेंटिमीटरच्या तुकड्यांत येतो. वळणासाठी पुठ्ठ्याचा साचा कापा आणि त्याला टेकवून वाकवा. नजरेनं वाकवलेल्या वळणात कुठंतरी कोपरा राहतो आणि गाडी नेमकी तिथं उतरते. जोड शक्यतो वळणावर आणू नका. सगळं टाकून झालं की इंजिन लावायच्या आधी एक टब बोटानं ढकलत पूर्ण फेरी मारा. बोटाला जो खटका लागतो तो इंजिनाला दहापट लागतो.

आता सांधे. बाजारात दोन प्रकार मिळतात. ज्याच्या मधल्या फुलीत, म्हणजे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथं, प्लास्टिक असतं तो स्वस्त वाटतो, पण चारचाकी इंजिनाची दोन चाकं त्या प्लास्टिकवर आली की ते तिथंच मान टाकतं. फुली धातूची असलेला सांधा घ्या. त्या फुलीला वीज द्यायची सोय करावी लागते आणि ती अशी: बोर्डखाली एक स्लाईड स्विच बसवा, त्याच्या मुठीला सायकलचा स्पोक जोडा आणि स्पोकचं दुसरं टोक सांध्याच्या पट्टीला. स्विचच्या मधल्या पायाला फुलीची वायर, दोन कडांच्या पायांना दोन रुळांच्या. स्पोक ओढला की सांधाही बदलतो आणि वीजही. मोटार नाही, सर्किट नाही, बिघडायला काही नाही.

वीज

पहिला लेआउट साध्या डीसीवरच करा, बारा व्होल्टचा कंट्रोलर पुरतो. पीडब्ल्यूएम प्रकारचा, म्हणजे वीज तुटक झटक्यांनी देणारा, असला तर गाडी मुंगीच्या पावलानं निघते, आणि खाणीला तोच वेग शोभतो.

फिशप्लेट, म्हणजे रुळांचे जोड, वीज नेतात यावर विश्वास ठेवू नका. आज नेतील, रंग आणि गोंद आत गेल्यावर नेणार नाहीत. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून लाल-काळी वायर सोल्डर करा आणि ती बोर्डाखालच्या जाड वायरींना जोडा.

मागच्या यार्डात दोन गाड्यांपैकी एकच चालली पाहिजे. त्यासाठी दोन्ही सांध्यांच्या फुलीतून निघणाऱ्या दोन-दोन रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लावा. हे चार जॉइनर दोन कामं करतात. समोरासमोरच्या धातूच्या फुल्यांमुळं होणारं शॉर्टसर्किट टळतं, आणि प्रत्येक लाईनचा एक रूळ बाकीच्यांपासून सुटा होतो. त्या सुट्या रुळाला वेगळ्या स्विचमधून वीज द्या. एक स्विच भरलेल्या गाडीचा, एक रिकाम्या गाडीचा. स्विचवर मार्करनं मोठं लिहा. संध्याकाळी सात वाजता दमल्यावर डावं-उजवं कळत नाही.

डोंगर, आणि काळ्या वाळूची गोष्ट

सांगाड्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणा, वर वर्तमानपत्राचे बोळे, वर दवाखान्यातली बँडेजची जाळी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून. हलकं होतं आणि ठणठणीत. थर्माकोल मी सोडलाय. घर भरून कचरा होतो, सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे लागला की तो विरघळतो, आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदीही आली. कुंभार गल्लीत प्लास्टर आणि शाडू दोन्ही मिळतं, आणि तिथल्या माणसाला "कड्याला भेगा कशा पाडू?" विचारलंत तर तो हातातला गणपती बाजूला ठेवून दाखवतो.

खरी मजा मातीत आहे. जांभ्याची माती विकत घेऊ नका, एक पिशवी आणा. उन्हात वाळवा, खलात कुटा आणि तीन चाळण्यांतून काढा: रव्याची, मैद्याची आणि शेवटी वस्त्रगाळ. (चाळण्या स्वतःच्या घ्या. आमच्या घरात या विषयावर एकदा चर्चा झाली आहे.) वस्त्रगाळ धूळ रस्त्यांना आणि झाडांना, मैद्याच्या चाळणीतली जमिनीला, रव्याच्या चाळणीवर राहिलेले दोन-तीन मिलिमीटरचे खडे म्हणजे खाणीतले वीतभराचे धोंडे. रुळांखालची खडी अर्धा ते पाऊण मिलिमीटरचीच हवी. खऱ्या लाईनवरची खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटर असते, ८७ नं भागून बघा. बहुतेकांचे लेआउट इथंच फसतात: रुळांमध्ये खडी नसते, बटाटे असतात.

आता काळी वाळू. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या फाउंड्र्यांमधून निघालेली वापरलेली वाळू गावात सहज मिळते. रंग सुंदर, दाणा एकसारखा, पैसे शून्य. मी ती खडी म्हणून वापरली आणि स्वतःवर फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी इंजिन कुरकुरायला लागलं, चौथ्या दिवशी अडलं. उघडलं तर मोटारीच्या चुंबकाला काळी मिशी फुटलेली. त्या वाळूत कास्टिंगचे लोखंडी कण असतात. रुळांवरून जाताना मोटार ते उचलते आणि ते गिअरपर्यंत जातात. ती खडी मी पाणी मारून, खरवडून काढली आणि इंजिन बदललं.

तेव्हापासून कुठलीही माती असो, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातून पाच-सहा वेळा फिरवायचा. पिशवीवर जे चिकटतं ते पिशवी उलटी करून टाकून द्यायचं. जांभ्याच्या धुळीतूनही बरंच निघतं, कारण त्यात लोह भरपूर असतं. चुंबक कोरा निघेपर्यंत ती माती रुळांजवळ न्यायची नाही. फाउंड्रीची वाळू तर लेआउटवरच नको.

चिकटवायची रीत सोपी. माती कोरडी पसरा, ब्रशनं नीट करा, मग भांड्याच्या लिक्विडचा थेंब घातलेलं पाणी फवाऱ्यानं मारा. लिक्विडशिवाय गोंदाचे थेंब धुळीवर मण्यांसारखे गोल होऊन बसतात. ओल झाली की एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, सिरिंजमधून थेंबथेंब. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांना आधी तेलाचं बोट लावा, म्हणजे गोंद तिथं धरत नाही. रात्रभर हात लावू नका.

चहाची उकळलेली पूड वाळवून झुडपांखालचा पाचोळा म्हणून टाका. एखाद्या झाडाआड गवा ठेवा. गव्यांचं दाजीपूर अभयारण्य शेजारीच आहे, आणि प्रदर्शनात पोरांना शोधायला काम मिळतं. खांद्यापाशी तो दोन सेंटिमीटर उंच असला पाहिजे, म्हणजे आपल्या खिशातल्या माणसापेक्षा किंचित उंच. लोकांना हे खरं वाटत नाही.

क्रशरच्या शेडचा पत्रा

शेडमध्ये खालून वर कन्व्हेअर, मध्ये क्रशर, खाली हॉपर, म्हणजे माल सोडायचं मोठं नरसाळं, आणि हॉपरखाली रूळ, एवढं दिसलं की पुरे. आत काळा रंग द्या. सगळं सोंग पत्र्यावर असतं.

नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर प्रत्यक्षात ७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये ०.८७. आता हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एम-५ चा फुल थ्रेड स्टड, म्हणजे पूर्ण आटे पाडलेली सळई, मागा. त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. हॉटेलातून भाजी येते त्या फॉइलच्या डब्याचा सपाट तळ कापा, जुन्या माउसपॅडवर ठेवा, वर स्टड आडवा ठेवून पोळी लाटल्यासारखा दाबून एकदाच पुढं लाटा. फॉइलवर सरळ समांतर नाल्या उठतात. त्या तीनेक अंश तिरक्या असतात, कारण आटेच तिरके. कापताना फॉइलच्या कडेला धरून नाही, नाल्यांना धरून काटकोन मारा. मग १.२ बाय २.८ सेंटिमीटरचे पत्रे कापा आणि एकावर एक चढवत लावा. अख्खं छप्पर एका तुकड्यात केलं तर ते छप्पर दिसत नाही, फॉइल दिसतं. गंजाला पातळ तांबडा रंग खिळ्यांच्या रांगेपासून खाली ओघळू द्या. बॉक्साइटच्या खाणीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसतोय, हे कुणी विचारलं तर आवर्जून सांगा. त्या एका डब्यावरून ही माती लोकांच्या घरात कशी पोचते ते कळतं.

दहा तासांची परीक्षा

प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी घरात एक रविवार द्या. सकाळी सुरू, रात्री बंद, आणि शेजारी वही. गाडी उतरली, थांबली, अडखळली की जागा आणि वेळ लिहा. एकाच जागी दोनदा झालं तर रुळाचा दोष. वेगवेगळ्या जागी पण त्याच टबला झालं तर टबाचा. टब हलका असेल तर आत नट चिकटवून जड करा. एखाद्या दोषाला "कधीमधी होतं" असं म्हणून सोडलंत, तर प्रदर्शनात तो दर फेरीला होतो.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर कधीही नाही, चरे पडतात आणि त्यांत मळ बसतो. चाकंही पुसा, अर्धा मळ तिथंच असतो.

प्रदर्शन

शाहू स्मारक भवनाचं कलादालन असो, शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो किंवा तुमच्या मंडळाचा मांडव, जागा आधी स्वतः जाऊन बघा. प्लग कुठं आहे, जिन्याच्या वळणावर चार फुटांचा बोर्ड वळतो का, खिडकीतून दुपारचं ऊन कुठं पडतं. एका हॉलमध्ये मला "प्लग आहे" सांगितलं होतं. होता, पण स्टेजच्या मागं, वीस मीटरवर. तेव्हापासून एक्स्टेन्शनची गुंडाळी आणि वायरवर लावायचा चिकटपट्टीचा रोल ही माझी पहिली बॅग.

बोर्ड जमिनीपासून एक मीटर उंच ठेवा. मोठा माणूस जरा वाकतो, आठ वर्षांचं पोरगं सरळ बघतं, लहानांसाठी दोन पाट ठेवा. पुढं वीसेक सेंटिमीटर उंच अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा. "हात लावू नये" या पाटीचा उपयोग शून्य, पट्टीचा शंभर टक्के. त्याऐवजी पाटीवर ती दोन वाक्यांची गोष्ट लिहा, आणि खाली: गवा शोधा.

माणसं दोन हवीत. एक पडद्यामागं स्विचवर, एक पुढं बोलायला. एकट्यानं केलंत तर गाडी चालते तेव्हा तुम्ही मुके आणि तुम्ही बोलता तेव्हा गाडी थांबलेली. पुढच्या माणसाला दोन प्रश्न दिवसातून दोनशे वेळा येणार: "केवढ्याला पडली?" आणि "ही खरी कुठं आहे?" पहिल्याचं उत्तर घरचे आसपास नसताना खरं द्या. दुसऱ्याचं माझ्यापुरतं एका आजोबांनी दिलं. पाटी न वाचता, काठीवर हात ठेवून, बराच वेळ बघून ते म्हणाले, "ह्यो राधानगरीकडचा डोंगर न्हवं? माती तिकडचीच हाय." माझ्या इंजिनाकडं त्यांनी बघितलंही नव्हतं.

दर तासाला इंजिन बदला, गरम झालेलं थंड होऊ दे. सुट्टे टब, फ्यूज, सोल्डरिंग गन, चिमटा, पातळ तेल, कापड आणि खिळे-स्क्रूची डबी टेबलाखाली. गाडी उतरली तर घाबरून पडदा ओढू नका. लोकांना सांगा, "गाडी घसरली, क्रेन आली," आणि त्यांच्यासमोरच हातानं ठेवा. त्यावर लोकांना हमखास हसू येतं, कधी टाळ्याही पडतात.

आवरताना आधी गाड्या डब्यात, मग वायरी, मग बोल्ट. बोर्ड तोंडाला तोंड करून, मध्ये लाकडी ठोकळे देऊन बांधा, म्हणजे टेम्पोत डोंगर डोंगराला लागत नाही. बोल्टांची पिशवी बोर्डाच्या पायालाच दोरीनं बांधून टाका. मी ती एकदा खिशात घातली होती, आणि पँट धुवायला गेली.